अण्णांची ठेवलेली पिशवी

अण्णांना मोकळ्या हातानं बाजार करायची खोड होती. घरून निघताना खांद्याला खाकी कापडाची पिशवी असायची, पण मंचरला एस.टी.तून उतरले की आधी ती कुठल्या तरी दुकानात ठेवून द्यायची. "ऱ्हाऊ द्या जरा हितं, आलोच," एवढंच बोलायचं आणि निघायचं. ना दुकानदाराच्या होकाराची वाट बघायची, ना मागं वळून बघायचं. दोन-तीन तास माणूस गायब. मग कांद्याचा भाव विचारून, चार जणांशी भांडून, तीन ठिकाणी चहा पिऊन परत यायचे आणि पिशवी उचलून चालू पडायचे. आमच्याकडं बाजारच्या दिवशी पिशव्या सगळेच ठेवतात हो. पण अण्णांनी त्याचा धर्मच करून टाकला होता. ओझरला गणपतीला गेले तर फुलवाल्याकडं, आणे गावाला बहिणीकडं निघाले तर स्टँडवरच्या पानवाल्याकडं. मंचरमध्ये त्यांची ठिकाणं दोन. एक माझं खता-बियाण्याचं दुकान आणि दुसरं समोरच्या बोळातलं मास्तरांचं शिलाईचं दुकान.

मी एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, एखाद दिवशी नेईल कुणी तरी उचलून. मग बसाल बोंबलत."

"शेठ," ते म्हणाले, मला चिडवायला ते शेठ म्हणत, "पिशवी ठिवायच्या आदी मी मानूस बघतो. पिशवीवर नजर ठिवायचं काम त्याचं. माझं काम निस्तं त्याच्यावर भरवसा ठिवायचं. माझं काम लई सोपं हाय बग."

या ठेवण्याचा एक कायदा होता. ठेवलेल्या पिशवीत हात घालायचा नाही. एकदा पिशवीतून ताज्या गुळाचा असा काही वास सुटला की मला राहवलं नाही. दोन बंदांची गाठ सोडून मी खडा तोडून तोंडात टाकला आणि गाठ होती तशी मारून ठेवली. माझ्या मते तशीच. अण्णा आले, पिशवी उचलली, गाठीवरून नुसता अंगठा फिरवला आणि निघून गेले. पुढचे दोन बाजार त्यांनी माझ्याकडं पिशवी ठेवली नाही. तिसऱ्या बाजारी किलोभर गुळाची ढेप आणून माझ्या गल्ल्यावर आदळली. "हे खा. मागितला असता तर देत न्हवतो का? पन ठिवलेल्या पिशवीत हात घालायचा न्हाई राव." मी खाली मान घालून हसलो. मास्तरांना हे सांगावं लागलं नसतं. त्यांच्या दुकानात शिवणयंत्राच्या मागं भिंतीत एक लाकडी खुंटी होती, ती अण्णांच्याच पिशवीची. तिकडं ते साधं डोकावूनही बघायचे नाहीत.

अण्णांची बायको लवकर गेली. मुलगा दिलीप एकुलता एक. बापानं एकट्यानं वाढवला, त्याच्या डब्याच्या भाकरी स्वतः थापल्या. बाजारच्या दिवशी पोरगाही बरोबर यायचा आणि मास्तरांच्या दुकानात कापडाच्या चिंध्यांशी खेळत बसायचा. म्हणजे अण्णा पिशवी आणि पोरगा दोन्ही मास्तरांकडं ठेवायचे, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. पुढं दिलीप आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला आणि मास्तरांची धाकटी मुलगी सुनंदा हिच्याशी त्यानं पुण्यात नोंदणी करून लग्न केलं. मास्तर बौद्ध, अण्णा मराठे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा मनातून अण्णांच्याच बाजूचा होतो. सगळ्या मुलखाशी गोड असणारा हा माणूस, ज्याच्या भरवशावर पिशवी टाकून तीन-तीन तास हिंडायचा, त्याच्या लेकीला घरात घ्यायला तयार होईना.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी माझ्या दुकानात फोन वाजला. तेव्हा अण्णांच्या गावात फोन नव्हता. त्यांचे निरोप माझ्याकडंच यायचे. पलीकडून दिलीप म्हणाला, "काका, अण्णा आहेत का? आज बाजार ना?" अण्णा माझ्या समोर युरियाच्या गोणीवर बसलेले. मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो, "दिलीप आहे." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "सांग, अण्णा न्हाईत."

मी सांगितलं, "अण्णा नाहीत रे."

मग दिलीप म्हणाला, "काका, मला आवाज आला त्यांचा." आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तो आखातात नोकरीला गेला, मागून सुनंदालाही घेऊन गेला, एवढं बोळातून कानावर आलं. अण्णांनी मास्तरांकडं पिशवी ठेवणं बंद केलं. बोळाच्या तोंडाशी आले की ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. दहा वर्षं हा माणूस वीस पावलं वाचवायची सोडून चाळीस पावलं जास्त चालला. मास्तरही कधी काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडं कपडे टाकायला जायचो तेव्हा ती खुंटी दिसायची. दुकानात हँगर, गठ्ठे, कॅलेंडर, सगळ्याची दाटी, पण त्या खुंटीवर काही नसायचं.

दोन हजार सालानंतर शेतकऱ्यांचे परदेश दौरे निघायला लागले. आमच्या भागातले पंचवीस-तीस जण दुबईच्या शेती प्रदर्शनाला निघाले आणि मी अण्णांच्या मागं लागलो. ते चटकन हो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांना मोबाईल घ्यायला मीच लावला, तो परदेशात चालेल अशी सोय मीच केली. ऐकू जावं म्हणून जुन्या फोनसारखी ट्रिंग ट्रिंग घंटा लावून आवाज पुरता मोठा करून दिला. "आता हा खिशात ठेवा," मी म्हणालो. "खिशातलं पडतं," अण्णा म्हणाले. "पिशवीतलं पडत न्हाई." झालं, फोन पिशवीत गेला.

निघायच्या आधी चार दिवस दिलीपचा माझ्या दुकानात फोन आला. दहा वर्षांनी! दौऱ्याची बातमी त्याला सासऱ्याकडून कळली होती. जास्त काही बोलला नाही, अण्णांचा मोबाईल नंबर तेवढा मागून घेतला. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चार किलो भुईमुगाच्या शेंगा खारवून भाजल्या आणि पिशवीत कोंबल्या. मी कशाला म्हणून विचारलंच नाही.

दुबईत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ती घंटा वाजली. मी फोन उचलून अण्णांच्या हातात दिला. अण्णा कॉटवरून उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली. तिकडून दिलीप काय बोलतोय ते मला ऐकू येत होतं. "अण्णा, मी लांब आहे, दीड-दोन तासांवर. उद्या शुक्रवार, सुट्टी आहे. दुपारी त्या बाजूला येतो आणि बरोबर चार वाजता फोन करतो. तुम्ही जिथं असाल तिथं येऊ आम्ही. फोन उचला फक्त."

"बरं," अण्णा म्हणाले. मग पुन्हा "बरं". फोन बंद झाल्यावरही उभेच होते. मी म्हणालो, "द्या, नंबर नाव टाकून ठेवतो. नाही तर कागदावर लिहून घेऊ." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, हाय ना त्याच्यात." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "आवाज जाड झालाय रं त्याचा." मी कागद घेतला नाही. तो कागद मला अजून छळतो.

दुसरा दिवस आमचा शेवटचा. रात्रीचं विमान, साडेपाचला बस निघणार. सकाळी गाईडनं आम्हाला जुन्या बाजारात सोडलं. मसाल्यांची गल्ली, दारात पोत्यांमधून दालचिनी आणि लवंगा मांडलेल्या, आमच्या मंचरच्या भुसाराच्या लाईनीसारखीच. एका दुकानात पांढऱ्या दाढीचा म्हातारा माणूस स्टुलावर बसून वेलदोडे निवडत होता. अण्णा त्याच्यापुढं थबकले. मी समजलो. "अण्णा, इथं नको हं!" तोवर ते बोललेसुद्धा, "भाईजान, ये थैली ऱ्हाने दो जरा इधर. आताच मैं." म्हाताऱ्यानं हसून मान डोलावली आणि पिशवी स्टुलाखाली सरकवली. अण्णांचं तोंड असं फुललं! "बघ शेठ, समदी दुनिया सारकीच हाय."

आम्ही भाजीबाजार बघायला गेलो. तिथं आपल्याकडचा कांदा. अण्णा अर्धा तास तो हातात घेऊन दाबून बघत राहिले, विकणाऱ्याला साठवणीबद्दल दोन गोष्टीही सुनावल्या. परत आलो तर अजान संपून गेली होती आणि गल्लीतली सगळी शटरं खाली. शुक्रवारी दुपारी तिथं दुकानं बंद करतात, चारच्या पुढं उघडतात, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्याकडं ठेवलेली पिशवी असेल तर दुकानदार जेवायलासुद्धा जात नाही. अण्णांनी तोच हिशेब धरला होता.

"चारपर्यंत उघडंल," अण्णा म्हणाले. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. जेवायला गेलो नाही. अण्णा दर पाच मिनिटांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होते. हळूहळू आजूबाजूची शटरं वर जायला लागली. आमचं नाही. आणि चार वाजता आत घंटा वाजली.

ट्रिंग ट्रिंग. मीच मोठी करून दिलेली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. अण्णा ताडकन उठले आणि दोन्ही हात शटरवर ठेवले. मी शटर ओढून बघितलं, कुलूप हिसकून बघितलं, शेजारच्याला हाका मारल्या. घंटा थांबली. पुन्हा लागली. अण्णांनी कपाळ शटरला टेकवलं होतं आणि त्या पत्र्याला सांगत होते, "आलो रं, हितंच हाय मी. दिलीप, हितंच हाय." घंटा थांबायची आणि लागायची. किती वेळा, मी मोजलं नाही. मग लागली नाही.

शेजारचा दुकानदार चांगला होता. त्यानं म्हाताऱ्याला फोन लावून पाहिला, लागला नाही. "आज नहीं खोलेगा चाचा. बेटी के घर गया है. कल सुबह." मी माझ्या दुकानाचं कार्ड त्याच्याकडं दिलं. ते पुढं कुठं गेलं कोण जाणे, त्यांच्याकडून कधी काही कळलं नाही. कोपऱ्यावरच्या फोनवरून मी मंचरला दुकानात भावाला गाठलं, म्हटलं, दिलीपचा फोन आला तर आमच्या हॉटेलचं नाव सांग. मग मला सुचलं, आणि मी आनंदानं ओरडलोच. "अण्णा, अहो मास्तरांकडं दिलीपचा नंबर आहे ना! भाऊ बोळात जाऊन पाच मिनिटांत घेऊन येईल. अजून तासभर आहे आपल्याकडं."

अण्णांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मला रिसीव्हर खाली घ्यावा लागला. "न्हाई," ते म्हणाले. "त्या दारात माज्यासाठी दुसऱ्या कुनी मागायला जायचं न्हाई. दा वर्सं मी त्या मानसाच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. मागायचं आसंल तर मी सोता जाऊन मागंन. घरी गेल्याव."

"अहो पण आज तो इथं आहे! दहा मिनिटांवर असेल."

"मागं येकदा माज्या वतीनं तूच बोलला व्हतास फोनवर," अण्णा म्हणाले. "बास झालं तेवडं."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. मला तेव्हा तो ताठा वाटला आणि मनातून रागही आला. आज वाटतं, ताठा नव्हता तो, लाज होती. पण ताठा असो की लाज, मी त्यांचा हात झटकून फोन करायला पाहिजे होता. एवढ्या तेवढ्यावरून लोकांशी भांडणारा मी, नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा वागलो.

परत आल्यावर मी हरवलेलं सिमकार्ड बंद करून त्याच नंबरचं नवीन काढून दिलं, साधा फोनही दिला. दिलीपला तोच नंबर माहीत होता. वाटलं तर लावील. अण्णा आता फोन पिशवीत ठेवत नसत. हातात धरून हिंडत, शेतातसुद्धा. फोन आला नाही. त्या दुबईच्या म्हाताऱ्यावर मी एकदा घसरलो तर मलाच दटावलं, "त्याला नावं ठिवू नगो. त्यानं सांबाळली आसंल पिशवी. उलट त्याच्याच जिवाला घोर लावला मी." आणि मास्तरांकडं आपण होऊन काही बोलायचं नाही, अशी त्यांनी मला विघ्नहराची शपथ घातली.

मग एका बाजारी अण्णांनी रस्ता ओलांडला नाही. मी गल्ल्यावरून बघत होतो. ते नव्या खाकी पिशवीसकट सरळ बोळात शिरले, मास्तरांच्या दाराशी उभे राहिले आणि पिशवी पुढं केली. "ऱ्हाऊ द्या जरा हितं. आलोच." मास्तर यंत्रावरून उठले. दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली. मला वाटलं, सुटलं! दोन तासांनी अण्णा परत गेले, पिशवी घेतली आणि तसेच माझ्याकडं आले. मी म्हणालो, "मागितला नंबर?" तर म्हणाले, "पुडल्या बाजाराला." असे चार बाजार झाले. दर वेळी पिशवी ठेवायचे, दर वेळी परत घेताना मास्तरांच्या तोंडाकडं काहीतरी शोधल्यासारखं बघायचे आणि पडलेल्या चेहऱ्यानं यायचे. "काय म्हणाले मास्तर?" "काय न्हाई. चा घ्या म्हनले."

पाचव्या बाजारी पिशवी ठेवून अण्णा स्टँडकडं गेले आणि बाकावर बसल्या जागी कलंडले. लोकांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हातात फोन तसाच होता. मास्तर धावत माझ्या दुकानात आले, छातीशी पिशवी. "शेठ, अण्णांची पिशवी माझ्याकडंच राहिली हो," असं म्हणून तो साठीचा माणूस दुकानाच्या दारात मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

फोन मास्तरांनीच केला. दिलीप आणि सुनंदा तिसऱ्या दिवशी आले. दहाव्याला घोडनदीच्या काठावर दिलीपनं सगळं केलं. तिथून आम्ही मास्तरांच्या दुकानात आलो. पिशवी खुंटीला होती. मास्तरांनी ती उघडली नव्हती, कुणाला उघडू दिली नव्हती. ती काढून त्यांनी दिलीपच्या हातात दिली. दिलीप गाठ सोडायला लागला तर म्हणाले, "ती गाठ माझी आहे बरं का. या चार-पाच बाजारांत अण्णा पिशवी उघडीच ठेवून जायचे. तोंड आ करून. मला वाटायचं, वय झालं, विसरतात. काही पडायला नको, कुणी बघायला नको, म्हणून मीच बांधून ठेवायचो."

पिशवीत बॅटरीचे सेल होते, खारवलेल्या शेंगांची पुरचुंडी होती आणि सगळ्यांच्या वर एक घडी केलेला कागद. त्याला बॉलपेन अडकवलेलं. घड्यांवर कागद पार झिजला होता. चार-पाच आठवडे घडी घालून-उलगडून होतो तसा. वर अण्णांचं मोठं, वाकडं अक्षर:

"मास्तर, दिलीपचा नंबर खाली लिवून ठेवा. तोंडानं मागवत न्हाई. चुकलं माझं. सूनबाईला आशीर्वाद."

खाली अर्धा कागद कोरा सोडला होता.

मास्तरांनी तो वाचला आणि खुंटीखालची भिंत धरली. "मला एवढं कळू नये?" ते म्हणाले. "पण मी कसा घालणार हात दुसऱ्याच्या पिशवीत?" सुनंदा त्यांना धरून उभी राहिली. तिला रडू आवरेना.

तेव्हा मी शपथ मोडली. दिलीपला सगळं सांगितलं, त्या म्हाताऱ्यापासून शटरपर्यंत, अण्णा पत्र्याला काय सांगत होते तेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "नऊ वेळा लावला मी, काका. बाजारापासून जवळच उभे होतो आम्ही दोघं. मला वाटलं, त्यांच्या हातातच वाजतोय. मला वाटलं, तुम्ही शेजारी असाल आणि ते पुन्हा म्हणत असतील, सांग, अण्णा नाहीत." पहिल्यांदा ते वाक्य माझ्याच तोंडातून गेलं होतं.

दिलीपनं पेन उघडलं. त्या कोऱ्या जागेत आपला नंबर लिहिला, एकेक आकडा सावकाश, आणि कागद घडी करून पिशवीत वरच ठेवला. मग पिशवी परत खुंटीला अडकवली. "मामा," तो सासऱ्यांना म्हणाला, "राहू द्या जरा इथं. आलोच."

तो दर वर्षी येतो. पिशवी तिथंच आहे. मास्तरांनी मात्र त्यानंतर तिला गाठ मारलेली नाही.